दाताचा रंग जुळवताना

नाही, तोंड मिटू नकोस, उघडंच ठेव — बोलेन मी, तू नुसती मान हलव. हां. तर दात फार पांढरा दिसतो, असंच ना? बाकीच्या दातांत उपऱ्यासारखा. तुझ्या डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितलं. म्हणाले, बाई, पुढचा दात आहे, पोरगी हॉटेलच्या काउंटरवर उभी असते, दिवसभर हसायचीच नोकरी तिची, आणि तुम्ही तिच्यासाठी खडूचा तुकडा करून पाठवलात. खडूचा तुकडा. मला म्हणाले. अगं, निम्म्या गावाच्या तोंडात माझ्या हातचे दात आहेत — बसवतात डॉक्टर, नाव त्यांचं होतं, पण घडवते मी, रंग जुळवते मी, आणि आजवर कुणी ब्र काढला नव्हता. जरा खिडकीकडे वळ. दाताचा रंग दिव्याखाली बघायचा नसतो, दिवसाच्या उजेडात बघायचा.

ही पट्टी बघ — यावर सगळ्या छटांचे नमुन्याचे दात लावलेत, एकेक ओठाशी धरायचा आणि शेजारच्या दाताशी जुळतो का पाहायचं. पूर्वी मला पट्टी लागायचीच नाही. माणूस दारातून हसत आत आला की झालं — हा चहाबाज, हा विड्या ओढतो, हिच्या दातांना कडेला निळसर झाक आहे. लोकांच्या लक्षात चेहरे राहतात, माझ्या दात. आता उजेडच तसा राहिला नाही. समोर ती इमारत उभी राहिली ना, तिची भिंत पिवळी, सगळा पिवळटपणा खिडकीतून आत येतो, मग रंग चुकणारच की — काय? मान का हलवतेस? पांढरी आहे? असेल. नव्याने रंगवली असेल.

ती बाटली होय? डोळ्यांच्या गोळ्या. जीवनसत्त्वं आहेत त्यात, क आहे, ई आहे, आणि कसली कसली पानाफुलांची सत्त्वं. नणंदबाईंनी आणून दिली, म्हणाल्या, वहिनी, घेत राहा, मोतीबिंदू आपोआप विरघळतो. एक वेळ जेवण चुकेल माझं, गोळी नाही चुकायची. पण ती डोळ्यांची डॉक्टरीण — तुझ्याएवढीच, काल जन्मलेली — हसली. म्हणे, आजी, अंडं एकदा शिजलं की त्यातलं पांढरं पुन्हा पातळ होतं का? तसंच आहे हे. म्हणे, हजारो लोकांना वर्षानुवर्षं असल्या गोळ्या देऊन पाहिल्या, घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना मोतीबिंदू जवळजवळ सारखाच झाला. फळं खा, भाज्या खा, उन्हात गॉगल लावा, पण आलेला मोतीबिंदू गोळीनं जायचा नाही, काढावाच लागेल. मला ते 'आजी'च जास्त लागलं. घरी आले आणि एकीऐवजी दोन गोळ्या घेतल्या — रागानं.

ऑपरेशनला भीत नाही गं मी. जबडा दुखतोय का? थोडंच राहिलं. लॅब आता पुतण्या चालवतो, त्याच्याकडे रजा मागायची म्हणजे तो विचारणार, काकू, कशाला? कळलं की ते यंत्र आणणार — दाताचा फोटो काढून छटा सांगणारं, केव्हाचा मागे लागलाय — आणि काकू बसल्या कोपऱ्यात कवळ्या घासत. ते आहेच. पण तेवढंच नाही. आमच्या थोरल्या जाऊबाईंचं ऑपरेशन झालं. छान झालं, दुसऱ्या दिवशी घरी. आणि घरात शिरल्या तर भिंतीवरचे ओघळ, पडद्यांचा मळ, सगळं एकदम दिसलं त्यांना. म्हणाल्या, अगं, या घाणीत मी पाहुण्यांना बसवत होते? रडल्या अक्षरशः. पण त्यांना पडदे धुता आले. मी काय धुऊ? माझं काम लोकांच्या तोंडात बसलंय. आमच्या शेजारी राहतात त्या शाळेतल्या बाई, केवढ्या खळखळून हसायच्या, जिन्यात हसल्या की वरपर्यंत ऐकू यायचं — हल्ली हसताना तोंडावर हात धरतात. मला वाटलं, वय झालं, पोक्तपणा आला. त्यांचा पुढचा दात मीच —

असो. हे बघ, दोनच नमुने उरलेत, डावा आणि उजवा. मला डावा वाटतो. उजवाही चालेल म्हणा, सख्ख्या बहिणी आहेत दोघी, काढायचाच म्हटला तर फरक. हा आरसा घे, तूच बघ. — अशी काय बघतेस माझ्याकडे? मीट आता तोंड. मीट आणि बोल.

कुठला पिवळा? हा?

आणि हा पांढरा. इतका? लांबून कळण्याइतका?

नाही, तू कशाला वाईट वाटून घेतेस, तुझं काय चुकलं? आरसा दे इकडे. डॉक्टरांना सांग, दात नवा करून मिळेल, हात माझाच असेल, पण रंग पुतण्या बघेल. आतच आहे तो, हाक मारते मी त्याला. तू नीघ आधी. आणि जाताना दार ओढून घे.