मधला दांडा

…आणि वर मलाच विचारतात, "बाकात डिझाइन करण्यासारखं असतं काय हो एवढं?" अहो, काय असतं? आयुष्यभर नुसते टेकलात, तुम्हाला काय कळणार! तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षं मी बागांतल्या बाकांची डिझाइनं करतोय, घास तोंडाशी नेला तरी कानात खर्रर्र… ठक्! स्केटबोर्डवाली पोरं! पळत येतात, फळीसकट उडी मारतात आणि बाकाच्या कडेवरून घसरत जातात, कडेचा पार भुगा! मग नगरपालिकेच्या कचेरीतले साहेब, फायलीतून नाकसुद्धा वर न काढता, "हे बघा, पोरं घसरता कामा नयेत, म्हातारे अवघडता कामा नयेत!" बोलायला काय जातं?

बरं, घरात दोन म्हातारे आयतेच होते. बाबांना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, टेप लावली, कंबर, गुडघा, कोपर… बाबा म्हणाले, "बाक करतोयस की सदरा शिवतोयस?" दुसऱ्या दिवशी आईची मापं घेतली. दुसऱ्या दिवशी! तिथेच माती खाल्ली मी… दोघांना एकत्र बसवून बघितलंच नाही.

झाला बाक! दोघांपुरता, पाठीला मस्त गोलाई, आणि मधोमध लोखंडी दांडा, पार पुढच्या कडेवरून खाली वळवलेला. घसरायला सलग कडच नाही, शिवाय उठताना आधार! पहिला बाक आमच्या घरासमोरच्या बागेत. आईबाबा हौसेने बसले, दांड्याच्या अलीकडे बाबा, पलीकडे आई. पन्नास वर्षं खांद्याला खांदा चिकटवून बसलेली माणसं हो! आई म्हणाली, "अरे, आम्ही दवाखान्यात नंबर लावून बसलोय का?" मी आपला हसलो. "काढतो गं दांडा, पुढच्या आठवड्यात."

साहेब म्हणाले, "अर्ज करा. पण लक्षात आहे ना? पोरं घसरता कामा नयेत…" केला अर्ज. मंजुरी सातव्या महिन्यात आली. आई पाचव्या महिन्यात गेली.

मंजुरीचा कागद खिशात, पाना हातात, धावत बागेत गेलो, तर बाबांनी दांडा घट्ट धरलेला! "हात लावू नकोस. हा काढलास तर कुठवर मी आणि कुठून ती, कसं कळायचं मला?" पाना तसाच घरी आणला. आता रोज संध्याकाळी ते त्यांच्या भागात बसतात, दांड्यावर तळवा उताणा ठेवून. पलीकडे कोणी टेकायला गेलं तर म्हणतात, "येतेय ती." पोरंसुद्धा तिथून जाताना फळ्या काखेत मारून मुकाट चालतात.

आणि मी? असे साठ बाक आहेत हो गावभर! कुठल्याही बाकावरून गेलो की मागून स्पष्ट ऐकू येतं, "नंबर आला का रे आमचा?" वळून बघतो… कोणी नाही. खर्रर्र ठक् बरं होतं त्यापेक्षा!

साहेब खूश. पोरं घसरत नाहीत, म्हातारे अवघडत नाहीत! अवघडतो तो मी, रोज तासभर बाकाशेजारी उभा राहून. कारण एकीकडे बाबा, दुसरीकडे आई… आणि तिसऱ्याचं माप मी घेतलंच नव्हतं!