थोडं जास्त म्हणजे किती वॅट?

...अहो, थोडं म्हणजे किती, एवढंच विचारलं मी! तर त्या कॉम्प्युटरवाल्या पळनिस्वामीनं भरल्या दुकानात माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी सांबारात पेढा बुडवून मागितलाय. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं या कोईम्बतूरमध्ये गलाई करतोय, लोकांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देतोय, काट्यावर मिलिग्रॅम हलला की गिऱ्हाईक हलतं, आणि हा म्हणतो, "शेट, सगळ्या पार्टांची बेरीज तीनशे सत्तेचाळीस वॅट येते, पण त्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय साडेसहाशेचा घ्या. थोडं जास्त असलेलं बरं." तीनशेवर आणखी तीनशे... हे थोडं?

आमची शर्वरी, एकुलती एक. तिला अहमदाबादच्या ॲनिमेशनच्या कॉलेजात जायचं, त्यासाठी हत्तीच्या पिल्लाची तीन मिनिटांची फिल्म पाठवायची, म्हणून हा घरी कॉम्प्युटर जोडायचा घाट. ती कानात पुटपुटली, "बाबा, ऐका ना त्यांचं, थोडं जास्त घ्या." थोडं म्हणजे किती? मी साडेतीनशेचा घेतला. तीन वॅट फुकट वर गेले, तेसुद्धा जिवावर आलं माझ्या.

आणि मग काय... फिल्म पाठवायचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचची मुदत, सकाळी दहाला पिल्लू नदीत उतरलं की खट्, सगळं बंद. पुन्हा लावलं, पुन्हा पिल्लू पाण्यापाशी, पुन्हा खट्. पोरीनं आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं हो, ती नुसती काळ्या पडद्याकडं बघत बसली. पळनिस्वामीला फोन लावला तर म्हणतो, "ग्राफिक्स कार्ड क्षणभर दुप्पट वीज ओढतं, शेट. मिळाली नाही की बंद." क्षणभर म्हणजे किती, असं मी विचारणार, तेवढ्यात शर्वरी शांतपणे म्हणाली, "बाबा, शंभर ग्रॅम सोनं वितळवायला काठोकाठ भरेल अशी मूस घेता तुम्ही?"

आता मूस म्हणजे आमचं सोनं वितळवायचं भांडं, आणि ते मी चांगलं दुप्पट घेतो, उसळून बाहेर सांडू नये म्हणून... चपला घातल्या आणि सुटलो. एक माझी आणि एक बायकोची, हे दुकानात गेल्यावर कळलं. पळनिस्वामीनं साडेसहाशेचा काढूनच ठेवला होता. पठ्ठ्या हसला नाही, उलट कॉफी पाजली आणि घरी येऊन स्वतः बसवून दिला. पाचला दहा मिनिटं कमी असताना पिल्लू नदीपार झालं, फिल्म गेली.

निवड झाली की हो पोरीची. सोमवारी निघायचंय. कॉम्प्युटरही जाणार. बायको म्हणते, "कुरिअरनं पाठवा, पोरीला विमानात बसवा, दुपारी पोचेल." मी म्हटलं, नाजूक वस्तू आहे, मीच नेतो, दोघं आगगाडीनं जातो. दोन दिवसांचा प्रवास, चौदा किलोचं खोकं मांडीवर, कंबरेचं काय व्हायचं ते होईल... पण पोरगी दोन दिवस समोर बसलेली असेल ना.