सत्ताविसावं माप

नाही हो, ते पांढरं परत बॅगेत घाला, बाई – दाखवलंत, मी बघितलं, झालं. लिननचं आहे, महागाचं आहे, कळतंय मला, कापडात जन्म गेलाय माझा. पण इथली माती लाल आहे. पाऊस पडला की ती अंगावर उडते, आणि पाऊस रोज पडतो. उद्या दुपारपर्यंत त्या पँटला गुडघ्यापर्यंत असा रंग चढेल की मेलबर्नचा धोबीसुद्धा हात टेकेल. बरं, लिनन इथे वाळतं का? वाळत नाही. दोन दिवस दोरीवर लोंबतं आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतं. कुणी सांगितलं तुम्हाला हे घ्यायला? फोनवर वाचलंत – बेटावर सुट्टीला जाताना न्यायचे दहा पोशाख. वा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. लिहिणारी कधी बेटावर राहिली असती तर दहा लिहिले असते का? दोन लागतात. एक अंगावर, एक दोरीवर.

आणि हे काय – जाळीचं? पोहून आल्यावर वरून घ्यायचं? माझ्या मावशीकडे होतं असलं, ती त्यात खेकडे धरायची. ठेवा, ठेवा. चपला दाखवा – टाचेच्या आहेत. वाळूत टाच रुतते, बाई, हे काही शाळेत जाऊन शिकायचं आहे का? टोपी चांगली आहे, खोटं कशाला बोलू, पण उद्या हॉटेलवाले तुम्हाला गावात नेणार ना, तिथे ती डोक्यावर चालायची नाही. सावुसावुच्या बाजारात काय वाटेल ते घालून हिंडा, इथे आता कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही, पण गावात शिरताना खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले, डोकं उघडं. काळा चष्मा तुम्ही असा केसांवर सरकवून ठेवता तोसुद्धा नाही. तुम्हा लोकांना आधी हसू येतं, मग म्हातारे गप्प बसले की तुम्ही म्हणता, किती शांत माणसं आहेत हो इथली. शांत नसतात ती. लाज वाटते त्यांना तुमची.

हा सुलू घ्या. सुती आहे, दोन वार. कमरेला गुंडाळा, झाली गावात जायची सोय. पोहून आलात की अंग पुसा, बोटीत गार वारं सुटलं की खांद्यावर घ्या, रात्री पांघरा. दहा पोशाख म्हणे. गाठ अशी नाही मारायची, सुटेल – थांबा – असं दुमडून आत खोचायचं. तुमच्या हॉटेलात गाठ मारायचे वर्ग घेतात, माहिताय मला. एक तास शिकवतात. आमची पोरं दोन वर्षांची असताना शिकतात, आणि तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही.

मी? मी काळं का घातलंय? उकडतं ना, उकडणारच. नाही, बारीक दिसायला नाही घातलेलं. तुमच्याकडे काळं म्हणजे झोकदार, कशावरही चालतं, डाग दिसत नाही, ऐकलंय मी, दर आठवड्याला एक तरी बाई येऊन मला ते सांगून जाते. वर्ष झालं घालतेय. सोडा ते.

तो? दारावरचा? नाही, तो विकायचा – हो, विकायचाच आहे. दारावर लावलाय ना, मग विकायचाच. पिवळ्यावर नीरफणसाची पानं आहेत ती, केळीची नाहीत. छान आहेच. मीच शिवलाय. खिसा? हो, आहे खिसा, उजवीकडे, चांगला खोल. आवडला? तुम्हाला बायकांच्या झग्याला खिसा दिसला की काय आनंद होतो हो, जसा काही खजिना सापडला. फोन मावेल, मावेल, हातसुद्धा मनगटापर्यंत जाईल. पडद्यामागे जा, सुलू कमरेला असू दे, वरून घालून बघा. पडदा नीट ओढा, समोर मासळीवाला बसतो.

ऐकू येतंय ना? मी बोलते, तुम्ही बदला. तो एकच का, म्हणून विचारत होतात – एकच नव्हता, सत्तावीस होते. आमच्यात घरात लग्न असो, कुणी गेल्याचं वर्ष असो, अख्खं कुटुंब एका ताग्यातलं घालतं. बायकांना झगे, पुरुषांना सदरे, तान्ह्या पोरालासुद्धा त्याच कापडाची चड्डी. कलावाता म्हणतात त्याला. लांबून बघितलं की कळतं कोण कुणाचं ते. उद्या आमच्या गावात कार्य आहे, तिकडे खाडीच्या टोकाला. माझ्या भावाचं वर्ष. उद्या काळं उतरवायचं. घरचे तुमच्या अंगावर नवं कापड घालतात आणि मग काळं सुटतं. आपलं आपण नाही उतरवायचं, घरच्यांनी उतरवायचं.

माझ्या वहिनीनं तागा पाठवला. वासिती नाव तिचं. स्वतः नाही आली. बसवाल्या बिसुनच्या हाती, कागद टाचून. सव्वीस नावं, सव्वीस मापं. आणि तळाला सत्ताविसावं, नाव नाही, नुसते आकडे. मी दोनदा वाचला तो कागद. माझं नाव नव्हतं त्यात. सगळ्या गावाचे कपडे मी शिवायचे आणि मला एक चिंधी नाही – तरी शिवले, आठ दिवसांत, एकाचीही टीप वाकडी नाही. आणि ते बिननावाचं माप तर काय सांगू तुम्हाला. छाती चव्वेचाळीस, घेर मोठा, उंची आखूड, डावा खांदा अर्धा इंच खाली. अर्धा इंच. कोण वाकडी बाई आहे ही, म्हटलं. वहिनीची ती लांबची मावशी असणार, लंबासा गावची, खाऊन खाऊन पोत्यासारखी झालेली, कार्याला कधी चुकत नाही. आकड्यांखाली ‘उजवीकडे खिसा’ एवढंच लिहिलेलं, म्हणजे तिला खिसासुद्धा हवा. कशाला? पंगतीतला मासा घरी न्यायला? हसत हसत शिवला मी तो. मग काल बिसुन न्यायला आला, सव्वीस मोजून घेतले आणि म्हणतो, शेवटचा तिथेच राहू दे, असा निरोप आहे. बघितला नाही, हात लावला नाही, राहू दे. बिनकामाचा म्हणून माझ्या तोंडावर टाकला. मग मी दारावर लावला. घेऊ दे कुणालाही. गावच्या कापडात एखादी परकी बाई हिंडलेली दिसली म्हणजे वासितीला कळेल.

झालं का? या बाहेर. आरशासमोर उभ्या राहा, हलू नका, माझ्या तोंडात टाचण्या आहेत. मोठा होतोय, होणारच, पोत्याच्या मापाचा आहे. दोन्हीकडून धरते. उंची तुम्हाला कमी पडतेय, पण दुमड आहे आत, ती सोडते. अर्ध्या तासात देते.

का नाही बोलावलं? तुम्ही फार विचारता. आता अंगावर घातलाच आहे आमचा कपडा तर ऐका. गेल्या वर्षी, मंगळवारी गेला माझा भाऊ. इनोके. आमच्यात बहीण-भाऊ मोठे झाले की समोरासमोर फार बोलत नाहीत, मान ठेवायचा असतो, जे काय असेल ते वहिनीच्या मार्फत. तीस वर्षं मी त्याच्याशी तिच्याच तोंडानं बोलले. शुक्रवारी मूठमाती. आणि माझ्याकडे त्याच आठवड्यात तुमच्यासारख्यांचं एक लग्न होतं. वाळूवर, अनवाणी, सिडनीहून आलेली साठ माणसं. त्यांना कलावाता हवा होता. कशाला? फोटोत एकसारखं छान दिसतं म्हणून. एकमेकांची नावं माहीत नव्हती त्यातल्या निम्म्यांना. शुक्रवारी सकाळी अकरा सदऱ्यांची काजं राहिली होती. मी म्हटलं, दुपारच्या बसनं गेले तरी पोचते, आधी प्रार्थना होईल, भाषणं होतील, आमच्यात घाई कुठे असते. काजं केली. अकराच्या अकरा. दुपारी पोचले तर चटया गुंडाळत होते. वहिनी चुलीपाशी होती. रडली नाही, ओरडली नाही, फक्त एवढंच म्हणाली, ‘चहा घेऊन जा.’ वाटसरूला म्हणतात तसं. घरच्या माणसाला कुणी चहा घेऊन जा म्हणतं का? घरच्या माणसाला म्हणतात, ती चटई घे तिकडून.

चहा घेतला आणि आले. दुसऱ्या दिवशी काळं घातलं, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नाही. सरळ उभ्या राहा.

त्या लग्नवाल्यांनी सदरे हॉटेलातच टाकून दिले, माहिताय? मोलकरणींनी फरशी पुसायला घेतले. माझी काजं होती त्यांना. मला तुमचा राग येतो, बाई, स्पष्टच सांगते. तुमचा आणि सगळ्यांचाच. नाही, माझं मलाच कळतं ते, सदरे काही माझ्या हाताला धरून बसले नव्हते. त्या शुक्रवारी सकाळची बस दारावरून गेली. मी बघितली जाताना. हात केला असता तर बिसुन थांबला असता.

नवा शिवा म्हणे स्वतःला. शिंपिणीचे स्वतःचे कपडे कधी शिवून होत नाहीत, बाई. माझे सगळे वहिनीनं शिवलेत, हातमशीनवर, टेप कधी लावली नाही तिनं मला, नजरेनंच कापायची. हा काळासुद्धा तिचाच, आई गेली तेव्हाचा. मला तर माझं माप ठाऊकसुद्धा – काय? तो खांदा? हो, तो तुम्हाला डावीकडे ढिला पडणारच, तसाच शिवलाय, सांगितलं ना, त्या वाकड्या बाईचा आहे. तो उचलून घेते मी. आता काय? माझ्याकडे काय बघताय? आरशात? आरशात काय आहे, तुम्ही आहात, मागे मी आहे. माझा खांदा काय? तो तसाच आहे, तीस वर्षं मशीनवर डाव्या अंगावर झुकून बसलं की –

टेप घ्या ती. माझ्या गळ्यातली, हो. पाठीवरून इकडे आणा, काखेतून, आवळू नका, बोट घाला मधे. किती? नीट वाचा. परत वाचा.

चव्वेचाळीस.

तो कागद द्या त्या मशीनवरचा. उंची बघा माझी, मानेपासून खाली. हो. घेर नको, घेर राहू दे, कळलं मला. आणि ही कात्री. मी कात्री खिशात ठेवते, नेहमीच, वहिनी प्रत्येक झग्याला उजवीकडे – थांबा, हलू नका, तुमच्याच खिशात घालून बघते. मावली. मुठीपर्यंत मावली. मावशीला मासा न्यायला म्हणे. काय बाई आहे मी. नाव लिहायला हात जड झाला तिचा आणि मला अक्कल नाही. निरोप पाठवला तिनं, राहू दे म्हणून, जिचा आहे तिच्याकडे राहू दे, आणि मी तो दारावर टांगला, मासळीवाल्याच्या समोर, काल दुपारपासून.

किती वाजले? तुमच्या घड्याळात बघा, माझं मागे आहे. सव्वादोन. अडीचची बस शेवटची आहे. काढा तो. पडद्यामागे जा, लवकर, टाचण्या काढून घ्या आधी, नाहीतर कापड फाटेल. नाही, तुमच्या मापाचा धरला असला तरी नाही, दुप्पट दिलेत तरी नाही, आता दुसरं काही बोलू नका माझ्याशी. दुमड सोडली नाही मी अजून, चांगलं झालं. नाही, मी आत्ता नाही घालणार तो, घडी करून नेते, उद्या तिच्या हातानं. सुलू तसाच न्या, अंगावरच असू दे, नीट खोचलाय मी. आणि गावात म्हाताऱ्या बाया बसायला सांगतील तेव्हा पाय दुमडून बसा, पसरू नका. पांढरंसुद्धा घाला, काय घालायचं ते घाला, मला काय करायचंय.

आली बस. जाताना दार ओढून घ्या, बाई. बिसुन – ए बिसुन, थांब.