माझ्या डब्यातला घास

मी मूळची माण तालुक्यातली, दहिवडीच्या अलीकडं आमचं गाव, आन आमी मातंग समाजाचं. माझा बा घायपाताचं दोर वळायचा. लय नेटकं वळायचा, गावातल्या समद्या आडांवर त्येच्याच दोरानं बादली खाली जायाची, आन आमाला पाणी लागलं की आमी कळशी घिऊन कडंला उभं ऱ्हायाचं, कुणी वतलं तर वतलं, न्हाई तर ऱ्हावा उभं. मी बारकी हुते, एकदा बाला इचारलं, आवं बा, दोर आपला हाय की, मंग आपुन का न्हाई वडायचं. बा तसाच दोर वळत बसला. आता हे कुटलं कुटं गेले मी, पर तुमी मूळ इचारलं म्हणून आठवलं.

लगीन हून तासगावच्या भागात आले. नवरा गवंड्याच्या हाताखाली जायाचा, आता कमरंनं बसलाय घरी. चौदा वर्स झाली मी द्राक्षाच्या पॅकहाऊसला हाय. संक्रांतीच्या आगंमागं हंगाम सुरू हुतो त्यो उन्हाळा तापंस्तवर. डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजं, वर पांढरा ॲप्रन, कोण कुणाच्या घरची कायबी कळत न्हाई. घड दांड्याला धरायचा, कात्रीनं फुटका मणी, बारका मणी काढायचा, वजन करायचं आन डब्यात भरायचा. मण्यावरची पांढरी झाक पुसली न्हाई पायजे, त्यात माझा हात लय हलका. सुपरवायझर नव्या पोरींना सांगायचा, कमलबाईचा हात बघा. माल समदा परदेशाला जातोय. गोऱ्या लोकांच्या ताटात माझ्या हातचं जातंय म्हणून मला आपलं बरं वाटायचं.

माझ्या शेजारी शालनाक्का. मराठ्याची बाई, नवरा लवकर गेला, अर्धा एकर रान, दोन लेकी, माझ्यापरीस चार-पाच वर्सांनी मोठी. लय जीवाची बाई, खोटं का बोलू. एका हंगामाला मला ताप हुता, उभ्या जागी पडले मी, तर तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, आन सुपरवायझर आला तर त्येलाच म्हणली, चल लांब हो मुडद्या, बाई मरतीया आन तू घड मोजतूयास. पाय दुखलं की म्हणायची, कमळ, म्हातारपणी आपुन दोघी शेळ्या राखू. मी म्हणायचे, तुला शेळी कळती का गं आक्का, शेळ्या आमच्या माणात. हसायची. असं आमचं.

जेवणाच्या सुट्टीत बारा बायका गोल करून बसायच्या, शेडच्या मागं, लिंबाखाली. मीबी त्यात. लांब बसवलं असं कवा न्हाई, तसं म्हणले तर माझी जीब झडंल. समद्या एकमेकींच्या डब्यातलं घ्यायच्या, हिचं वांगं, तिची मेथी, कुणाचा खरडा. माझ्या झाकणातबी वाढायच्या, झाकण भरून जायाचं. फकस्त माझ्या डब्यातलं कुणी घ्यायचं न्हाई. म्या डबा पुढं केला की एकीचं पोट भरल्यालं, एकीचा उपास, एक म्हणायची, ऱ्हाऊ दे कमल, तुझ्या नवऱ्याला हुईल संध्याकाळी. चौदा वर्सं उपास. शालनाक्काबी न्हाई. मी रोज दोन भाकरी जादा न्यायचे आन रोज दोन भाकरी म्हागारी आणायचे. मला वाटायचं, शालनाक्कानं एक घास खाल्ला ना, तर बाकीच्यांचं मला काय नगं.

गेल्या हंगामाला परदेशातल्या माल घेणाऱ्यांच्या वतीनं ऑडिटला मॅडम आल्या, पुण्याच्या. दरसाल कुणीतरी येतंय, संडास बघतंय, मोजं बघतंय, जातंय. ह्या मॅडमनी यादीवर बोट ठिवून बायका निवडल्या आन एकेकीला खोलीत घेतलं, सुपरवायझर भाईर. मला म्हणल्या, ताई, नाव कुठं लिवणार न्हाई, कामावर जातीपातीचं काय हाय का. म्या म्हटलं न्हाई बा. म्हणल्या, एकत्र जेवता का. म्या म्हटलं व्हय की, गोल करून, मला समद्या देत्यात, फकस्त माझं कुणी घेत न्हाई. आन हसले. काय सांगू तुमाला, म्या तक्रार केलीच न्हाई, हसत हसत बोलले. त्यांचा पेन थांबला तवा माझ्या ध्यानात आलं, बोलू नये ते बोलले.

नाव लिवलं न्हाई त्यांनी, खरंय. पर आमच्या समाजाची तितं मी एकलीच. नाव कशाला लागतंय.

आठ दिसांनी मालकानं समद्यांना उभं केलं. तरणा हाय, शिकल्याला, वाईट न्हाई. म्हणला, वरून पत्र आलंय, हितं समदी समान हाईत असं फोटूसकट कळवायचंय, न्हाईतर पुढच्या कंटेनरचं अवघड हाय. हात धुयाच्या जागी पाटी लावली, समद्यांच्या सह्या घेतल्या, आन म्हणला, उद्या जेवताना कमलबाईंच्या डब्यातलं परतेकीनं एकेक घास घ्यायचा, मी फोटू काढतो.

आता हसू नका मला. मला आनंद झाला. येड्यावाणी आनंद झाला. मला वाटलं, धाकानं का हुईना, एकदा चव तर बघतील, एकदा तोंडात गेलं की मोडंल ते. घरी जाऊन शेंगा भाजल्या, फोलपाटं काढली, कुटल्या, गूळ चिरला. पहाटं उठून तिसावर शेंगाच्या पोळ्या लाटल्या, तूप लावलं. नवा डबा काढला, हळदीकुकवाला आल्याला, कवा वापरलाच नव्हता. नवरा म्हणला, लेकीचं लगीन हाय का काय. म्या म्हटलं, तसंच समजा.

दुपारी बसलो गोल. मालकानं मोबाईल धरला. शालनाक्का माझ्या शेजारी, तिच्या हातात म्या माझ्या हातानं पोळी दिली. समद्यांनी तुकडा तोंडात घातला. मालक म्हणला, हसा जरा. फोटू झाला आन त्यो गेला, तशी शालनाक्का उठून मोरीकडं गेली. शेंगाची पोळी घशाला कोरडी लागती, म्हणून मी पाण्याची बाटली घिऊन मागनं गेले.

ती वाकून थुकत हुती. अख्खा घास, चावलापण नव्हता. मंग चूळ भरली, परत भरली, परत भरली. वळली तर मी उभी.

रडाय लागली ती. म्हणली, कमळ, तुझ्यावर राग न्हाई गं माझा, पर गळ्याखालीच जाईना, मी काय करू. मंग डोळं पुसलं आन म्हणली, तू कशाला सांगायचं त्या बाईला, किती चांगलं चाललं हुतं आपलं.

माझ्या तोंडात आलं हुतं, चांगलं तुझं चाललं हुतं आक्का. पर बाटली तितंच ठिवली आन आले. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं हुतं, हे इसरता येत न्हाई, आन ती मोरीबी इसरता येत न्हाई. दोन्ही त्याच बाईचं. माझं काळीज फाटलं ते तितं फाटलं. बाकीच्या दहा जणींनी काय केलं ते म्या बघितलंबी न्हाई.

दुसऱ्या दिसापासनं गोल मोडला. कुणी कुणाचं घेत न्हाई, कुणी कुणाला देत न्हाई, जी ती आपल्या डब्याकडं बघून जेवती. आता खरंच समदी समान झाली. शालनाक्का भितीकडं तोंड करून बसती. कामाला मातर शेजारीच हाय, टेबल तेच. तिच्या डोळ्याला आता बारका मणी दिसत न्हाई, तर तिच्या घडातला मी काढते, गुमान. तिला कळतंय.

ह्या साली त्याच मॅडम आल्या. त्यो फोटू ऑफिसात चौकट करून लावलाय. त्यात शालनाक्काचं तोंड मिटल्यालं हाय, एक गाल फुगल्याला, बघणाऱ्याला वाटतंय हसतीया. मॅडम लय खुश झाल्या. मला म्हणल्या, ताई, तुमच्यामुळं झालं हे, आता कसं हाय. म्या म्हटलं, बरं हाय मॅडम. त्यांनी फोटूवर बोट ठिवलं, म्हणल्या, ह्यांना तर लय आवडल्याली दिसतीया तुमची पोळी. मी बघितलं शालनाक्काच्या गालाकडं. व्हय म्हटलं, आवडली तिला.

शालनाक्काच्या धाकट्या लेकीला दिस गेल्यात म्हणं, दुसऱ्या बाईकडनं कळलं. सुखानं सुटू दे लेकरू, दुसरं काय म्हणू. माझ्या डब्यात अजून दोन भाकरी जादा पडत्यात, हाताला सवय हाय. संध्याकाळी आणते म्हागारी.