गोठ्यातलं कॉलेज

"कुणाचा विश्वास बसणार नाही, बाई, पण हे कॉलेज माझ्या गोठ्यात सुरू झालं!" प्राचार्यांच्या दाराबाहेरच्या रांगेत म्हातारा मागे वळून म्हणाला. "वर्गात चार पोरं आणि दोन म्हशी. मास्तर चुकले की थोरली म्हैस मान हलवायची!"

बाईनं पिशवीचे बंद आवळले.

"आणि नव्या इमारतीला नाव द्यायचं कुणाचं? देणगीदाराचं! माझं का नाही? आत जाऊन एकेकाला फैलावरच घेतो!"

"काका, गोठा माझ्या आईचा. तुम्ही शेजारी. पोरांच्या गोंगाटानं झोपमोड होते म्हणून पत्र्यावर दगड मारायचात! त्या चार पोरांत मी होते. सरका आता, इमारतीला आईचं नाव मागायला मी आलेय!"