जमिलाच्या पोटाला बांधलेली पिशवी

पोलीस ठाणे मांडवघाट, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ. तारीख ८ फेब्रुवारी १९६५, सोमवार, सकाळ.

नाव तुळसाबाई जौजे उकंडा खोब्रागडे, वय अंदाजे पंचेचाळीस, धंदा बाजार करणे, राहणार मांडवघाट, धर्म बौद्ध. जबाब घेणारे वामनराव जमादार यांनी धर्माच्या जागी आधी आमची जुनी जात लिहिली होती, ती मी खोडायला लावली.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणी बोलावले नसताना, सांगते की, आमच्या गावाखाली पैनगंगा आहे आणि नदीपलीकडे आंध्र. तिकडे तांदूळ पिकतो, इकडे पिकत नाही. आमच्या रेशनच्या दुकानात परदेशची लाल मिलो ज्वारी मिळते, ती जनावरेही नाक मुरडून खातात. पलीकडचा तांदूळ अलीकडे आणायला सरकारची बंदी आहे. तरी मांडवघाटात एकही लग्न भातावाचून झालेले नाही. तो भात आभाळातून पडत नाही. आम्ही बाया शुक्रवारी पलीकडच्या बाजाराला मिरची नेतो आणि येताना पोटाला तांदूळ बांधून आणतो. जुन्या लुगड्याची लांब पिशवी शिवायची, तांदूळ भरून कमरेभोवती गुंडाळायची आणि वरून लुगडे नेसायचे. दिसायला बाई पोटुशी दिसते. जमादारांच्या घरी कोणाचा तांदूळ जातो ते मी सांगत होते, पण ते या कामाचे नाही असे ते म्हणाले.

नदी उतरून आले की घाटाच्या पायथ्याशी धान्याचा नाका आहे. तिथे देवीलाल नावाचा पहारेकरी असतो. त्याच्याकडे परखी आहे. पोत्यात खुपसून दाणा काढायची टोकदार लोखंडी नळी असते, ती. आम्ही ओळीने उभ्या राहायचो, तो प्रत्येकीच्या पिशवीत कडेने परखी घालायचा, नळीतून येईल तेवढा तांदूळ आपल्या बादलीत पाडायचा आणि सोडून द्यायचा. हाच त्याचा वाटा होता. तो विचारायचा, "कितवा महिना?" आम्ही म्हणायचो, "भरत आला." मग सगळ्या हसायच्या. हा खेळ दोन वर्षे चालला आहे.

गेल्या शुक्रवारी दुपार कलल्यावर आम्ही सातजणी नाक्यावर आलो. माझ्यामागे जमिला होती. ती आमच्या गावातल्या अय्यूब कल्हईवाल्याची बायको, वय वीस-बावीस. तिचे माहेर पलीकडे. ईदेसाठी आईकडे गेली होती, ती बाजाराच्या सोबतीने परत येत होती. तिला सातवा महिना होता. तिच्याजवळ तांदूळ नव्हता. आईने दिलेल्या शेवयांचे गाठोडे तेवढे हातात होते.

माझ्या पिशवीतून देवीलालने तांदूळ काढला. मग जमिलाची पाळी आली. ती मागे सरली आणि म्हणाली, "भैया, हात नोका लावू. माह्या पोटात लेकरू हाय."

देवीलाल म्हणाला, "इथं येणाऱ्या सगळ्याइच्याच पोटात असते."

यावर आम्ही हसलो. मीही हसले. हे वाक्य गाळू का, असे जमादारांनी विचारले. गाळू नका. मला ठाऊक होते की हिचे पोट खरे आहे. तरी सवयीने तोंडातून हसू निघून गेले, आणि त्या हसण्याने त्याला वाटले की हीही आमच्यातलीच. जमिला आणखी मागे सरली. त्याने चिडून तिचा दंड धरला आणि परखी कडेने न घालता समोरून घातली.

परखीतून तांदूळ आला नाही.

देवीलाल परखी तिथेच टाकून नाक्याच्या खोलीत गेला आणि त्याने आतून कडी लावली. बाकीच्या बाया घाट चढून पळाल्या. मी त्यांना दोष देत नाही. मी जमिलाला खाली निजवले. रक्त थांबेना. दुसरे फडके नव्हते म्हणून मी माझी पिशवी सोडली, त्यातला तांदूळ तिथेच ओतला आणि ती तिच्या पोटाला आवळून बांधली. ती म्हणत होती, "मावशी, लेकरू हालून नाही राह्यलं वं." मी तिला म्हणाले, "निजलं असन पोरी." हे खोटे होते. गावात खबर पोहोचून माझे घरवाले बैलबंडी घेऊन आले तोवर ती शुद्धीवर होती. पुढे कापसाच्या ट्रकमधून तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेले. ती जगली आहे. मुलगा होता, तो मेला.

काल अय्यूबला ठाण्यात बोलावून पंचनामा वाचून दाखवला. त्यात लिहिले आहे की, जमिला पोटाला पिशवी बांधून चोरटा तांदूळ आणत होती, पळताना दगडावर पडून तिला लोखंड लागले, आणि जागेवर सांडलेला तांदूळ जप्त केला. तिच्यावर तांदळाचा खटला होणार आहे. अय्यूब गरीब माणूस, गुमान ऐकून घरी आला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. त्या दिवशी माझ्यासोबत असलेल्या सहाजणींपैकी पाचजणींच्या दारी मी काल जाऊन आले. पाण्यात राहून माशाशी वैर कायले, असे त्या म्हणतात. सहावी जमिला आहे.

पिशवी तिच्या पोटाला होती हे खरे आहे. ती मी बांधली. पिशवी माझी, शिवण माझ्या हाताची. ज्या हिरव्या लुगड्याची ती केली त्याचा उरलेला तुकडा मी सोबत आणला आहे, तो जुळवून पाहावा. जमिनीवरचा तांदूळही माझा आहे.

जमादारांनी मला दोनदा समजावले की, हे लिहून दिले तर खटला माझ्यावर होईल, आज घरीही जाता येणार नाही आणि नाका मला पुन्हा बाजार करू देणार नाही. मला ते समजते. नदी ओलांडल्याशिवाय आमची चूल पेटत नाही, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. म्हणून येतानाच भाकर बांधून आणली आहे.

जमादारांनी सगळा जबाब मोठ्याने वाचला. जप्त तांदूळ कोणाचा, ती ओळ मी त्यांना परत वाचायला लावली. तिथे 'तुळसाबाईचा' असेच लिहिले आहे. मग अंगठा दिला.

तुळसाबाई जौजे उकंडा, डाव्या हाताचा अंगठा