उजवीकडचं हृदय

मंडळी, सांगा पाहू — घराण्याचं नाव राखायचं म्हणून माणसाने किती गप्प बसावं? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

मालवणच्या द्वारकाबाई पेडणेकर. त्यांची सून शर्वरी. लग्नानंतर छातीचा फोटो काढला, तेव्हा कळलं, पोरीचं हृदय उजवीकडे! डॉक्टर म्हणाले, "धोका काही नाही. फक्त कुठल्याही उपचाराआधी हे सांगत जा."

द्वारकाबाईंनी घरी येऊन दार लावलं. "हे बाहेर बोलायचं नाही. लोक म्हणतील, उलट्या काळजाची सून आणली. माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय."

बघा हं! उजव्या सोंडेचा गणपती असला तर आपण त्याचं सोवळं जपतो. उजव्या हृदयाची सून मात्र लपवतो.

पुढे मुलीचा साखरपुडा ठरला. शर्वरीने ताप अंगावर काढला होता. त्या तापाने हृदयाची लय बिघडली, आणि साखरपुड्याच्या भरल्या मांडवात ती कोसळली. तिचा नवरा बाहेर गाडी काढायला धावला. वराचे काका डॉक्टर. त्यांनी छाती दाबायला घेतली. समोरच्या दवाखान्यातून हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र आलं. त्याच्या दोन चिकटपट्ट्या. एक उजव्या खांद्याखाली, दुसरी डाव्या बरगडीवर — हृदय दोहोंच्या मध्ये यावं, अशी ती मांडणी. काकांनी तशाच लावल्या.

द्वारकाबाई बघत होत्या. समोर विहीणबाई उभ्या. बोलावं, तर लेकीचं लग्न? न बोलावं, तर...?

यंत्र म्हणालं, दूर व्हा.

"थांबा," द्वारकाबाई म्हणाल्या. "तिचं हृदय उजवीकडे आहे."

काकांनी पट्ट्या उपटल्या, बाजू बदलून नव्या लावल्या. झटका दिला. सगळ्यांचे डोळे यंत्राच्या पडद्यावर. मग ठोके उमटले.

"माहीत होतं, तर इतका वेळ का लावलात?" काकांनी विचारलं.

दवाखान्यात शर्वरी शुद्धीवर आली. "आई, तुम्ही सांगितलंत? सगळ्यांसमोर?"

"हो."

शर्वरी भिंतीकडे तोंड करून रडली. द्वारकाबाई तिच्या पायांशी बसून राहिल्या.

सोयरीक मोडली. मुलगी म्हणाली, "मोडू दे. वहिनी घरी आली ना?"

मंडळी, द्वारकाबाई वेळेत बोलल्या. जेमतेम वेळेत. आता तुमच्या घरात कोणाचं आजारपण, कोणाचं दुखणं तुम्ही अब्रूखाली झाकलंय? मला सांगू नका. ज्याला सांगायला हवं, त्याला आज सांगा.